मनगटावरची पट्टी आणि सरकलेला अंगठा

सकाळी सात वाजता पोहण्याच्या तलावाच्या काठावर ओल्या माणसांपेक्षा कोरडी माणसं जास्त दिसली, की समजावं, पट्टीबाबा आले. हे नाव आम्ही ठेवलेलं. ते स्वतःला ‘प्रवाह-मार्गदर्शक’ म्हणवत. भगवं काही नाही, दाढी नाही. इस्त्रीचा ट्रॅकसूट, हातात राखाडी मनगटपट्ट्यांची पेटी आणि गळ्यात शिट्टी. शिट्टी कशाला, हे कुणी विचारलं नाही. गळ्यात शिट्टी असलेल्या माणसाला आपण शाळेपासूनच प्रश्न विचारत नाही.

“हात आडवा धरा, साहेब. मी दाबतो, तुम्ही अडवा.”

मी उजवा हात खांद्याच्या रेषेत धरला. त्यांनी नुसत्या अंगठ्याने दाबला आणि तो ओल्या टॉवेलसारखा खाली पडला.

“बघितलंत? पाण्यातलं क्लोरीन पेशींची लय खातं. प्रवाह खांद्यात तुंबलाय.” मग त्यांनी पट्टी चढवली. “खोल समुद्रातल्या धातूची आहे. आता अडवा.”

या खेपेला ते दातओठ खाऊन दाबत होते आणि माझा हात खुंटीसारखा ताठ. काठावर टाळ्या पडल्या. मी बावन्न वर्षांचा, पोट सुटलेला गृहस्थ. याआधी टाळ्या माझ्या वाट्याला फक्त लग्नात आल्या होत्या, त्याही निम्म्या बायकोच्या.

खांद्याची हकिकत अशी. पाच आठवड्यांनी तळ्यात दहा किलोमीटर पोहायची स्पर्धा होती. मी ती घरी, कचेरीत आणि लिफ्टमध्ये भेटेल त्याला जाहीर करून बसलो होतो. मग आठवड्याच्या सहा किलोमीटरवरून एकदम चौदावर उडी मारली, तीही हातांना पाणी जोरात लोटायचे प्लॅस्टिकचे रुंद पंजे बांधून. कारण शेजारच्या लेनमध्ये पोहणारी माझी आत्या मला मागे टाकत होती. आत्या सत्तरीची, चौतीस वर्षं शाळेत व्यायाम शिकवलेली. खांदा दुखायला लागल्यावर ती म्हणाली होती, “ते पंजे सोड. आठवडाभर गप्प बस. मग थोडं थोडं वाढव.” सल्ला फुकट आणि त्यातून घरचा. मी तो ऐकणं शक्यच नव्हतं.

पट्टीबाबांनी मात्र पथ्य दिलं. पट्टी ‘मुरेपर्यंत’ सात दिवस पाण्यात उतरायचं नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही, जड उचलायचं नाही. मी अक्षरन् अक्षर पाळलं. आठव्या दिवशी खांदा हलका झाला आणि मी पट्टीचा बिनपगारी प्रचारक झालो. अकरा जणांना पटवलं. अकरावी बेकरीवाली. पहाटे पावाचं पीठ मळून मग पोहायला यायची. तिचा खांदा दुखायचा, आणि हल्ली दोन बोटं बधिर व्हायची. डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या होत्या.

“दादा, खरंच गुण आला तुम्हाला?”

“मी मोजमापाचा माणूस. खात्री केल्याशिवाय बोलत नाही.”

माझी नोकरी दुकानदारांचे वजनकाटे तपासायची. पारड्याखाली चिकटवलेलं चुंबक मी दहा पावलांवरून ओळखतो, हे तिला ठाऊक होतं. तिने पट्टी बांधली आणि तपासण्या पुढे ढकलल्या.

तीन आठवड्यांनी ती बाकावर आत्याला सांगत होती, “काल ट्रे हातातून पडला. सुटल्याचं कळलंच नाही हो.” आत्याने तिच्या पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पंजे बांधून पुन्हा पोहायला लागल्यापासून माझाही खांदा ठणकत होता, पण प्रचारकाला दुखण्याची सोय नसते.

आत्या उठली आणि पट्टीबाबांच्या घोळक्यात घुसली. “मार्गदर्शक, मलाही जमतंय का बघते. अरे, तू हात आडवा धर.”

मी धरला. तिने दाबला. पडला. मग तिने केसांचं रबर काढून माझ्या मनगटात अडकवलं. “हे खोल बाथरूममधलं आहे. अडव आता.” ती जवळजवळ लोंबकळली, तरी हात हलेना. लोक हसू लागले.

“आजी, तुमच्यात मुळातच प्रवाह आहे,” बाबा म्हणाले.

“आहे की. पहिल्यांदा मी मनगटावर दाबलं, दुसऱ्यांदा कोपराच्या वर, खांद्याकडे. दार कडीपाशी ढकललं तर बोटाने लागतं, बिजागरीपाशी ढकललं तर घाम फुटतो. आता असं करू. सहा जणांची मनगटं टॉवेलखाली झाकते. कुणाला तुमची पट्टी, कुणाला रबर. पेनाने खूण करते, तिथेच दाबायचं. कुणाला पट्टी आहे, तेवढं सांगा.”

बाबांनी सहापैकी तीन ओळखले. नाणं उडवूनही साधारण तेवढेच निघाले असते.

“शंकेखोर माणसांपुढे धातू मिटतो,” असं म्हणत त्यांनी पेटीही मिटली.

“पण आत्या, माझा खांदा बरा झाला होता ना?”

“सात दिवस काय केलंस?”

“काहीच नाही.”

“मग? त्यानेच बरा झाला.”

पारड्यावर अंगठा ठेवणारे मी शेकड्याने पकडले आहेत. माझ्या स्वतःच्या हातावर बाबांचा अंगठा मनगटाकडून खांद्याकडे सरकला, तो मात्र दिसला नाही. मी टाळ्या ऐकत होतो.

“मग माझ्या बोटांचं काय?” बेकरीवालीने विचारलं. आता कुणी हसलं नाही.

“ताई, मी खात्री केली नव्हती,” मी म्हणालो. “नुसतं तसं म्हणालो. चला, आत्ताच डॉक्टरांकडे जाऊ.”

तपासण्यांत निघालं, तिच्या मानेतली नस दबली होती. बोटांतली ताकद बरीच परत येईल, सगळी येईल का ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तीन आठवडे आधी यायला हवं होतं, हेही म्हणाले.

“पीठ मळता येईल ना?”

“काही महिने तरी नाही.”

तिने मान डोलावली. मग पट्टी काढून माझ्या हातात ठेवली.

स्पर्धेत मी उतरलो नाही. त्या दिवशी उरलेल्या दहा जणांना एकेक करून गाठलं. सात जणांनी पट्ट्या काढल्या. दोघांनी माझं ऐकून घेतलं आणि पट्टी घट्ट केली. एकाने विचारलं, “तेव्हा खोटं बोलत होता की आता?” प्रश्न रास्त होता.

म्हणून सांगतो. गुण आला असं वाटलं, तर त्याच दिवसांत आणखी काय काय बदललं होतं, ते आधी आठवा. चमत्कार दाखवणाऱ्याला म्हणा, कुठे काय आहे हे न बघता करून दाखव. आणि बधिर बोटं घेऊन कुणी तुमच्याकडे आलं, तर त्याला आपला अनुभव सांगू नका. डॉक्टरचा पत्ता सांगा.