खिशातला हात

मी एक जुनी जीन्स आहे. गडद निळी, उंच कंबरेची, सरळ पायांची. माझा उजवा पाय मात्र गुडघ्याखाली नाही. तो कुणी कापला आणि कशासाठी, ते मी सांगणार आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना हळव्या होतात, असं तुम्ही धड्यांत वाचलं असेल. मी हळवी होणार नाही. मला राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही.

माझा कापूस कुठल्या शेतातला, ते मला ठाऊक नाही. सरकी निघते, सूत होतं, त्यावर निळा रंग चढतो, मग मागचं काही आठवत नाही. पण हिंगणघाटच्या दुकानात माझी घडी पहिल्यांदा उलगडली, तेव्हा बाहेरच्या रस्त्यानं कापसाच्या गाड्या जिनिंगच्या कारखान्याकडे चालल्या होत्या. त्या पाहून मला घरी आल्यासारखं वाटलं.

घडी उलगडायला लावली ती धुरपताबाईंनी. त्यांचं वय तेव्हा एकसष्ट. एकतीस वर्षं त्यांनी वडनेरच्या आसपासच्या गावांत नर्स म्हणून काम केलं होतं. नवरा कवडू वारल्यावर आणि नोकरी संपल्यावर त्या वर्ध्याजवळ पिपरी मेघेला मुलाकडे, अश्वजितकडे राहत होत्या. मुलगी नंदिनी हिंगणघाटच्या कॉलेजात शिकवते. तीच सोबत होती. वर्ध्यात कपड्यांची दुकानं नाहीत असं नाही. पण वर्ध्यात कुणीतरी ओळखीचं निघतंच, म्हणून बाई इतक्या लांब आल्या होत्या. माझा राग तिथूनच सुरू होतो. स्वतःच्या अंगावरचं कापड घ्यायला माणसानं गाव का बदलावं?

दुकानदारानं नंदिनीकडे पाहून विचारलं, "ताईसाठी काय दाखवू?"

"ताईले नाई, मले दाखवा," धुरपताबाई म्हणाल्या.

"आईसाठी इलास्टिकवाली हाय ना. मस्त ढिली."

"ढिल्यात मी एकतीस वर्सं काढली, भाऊ. मापाची दाखवा."

त्यांनी पाच जीन्स घालून पाहिल्या. एक कंबरेला इतकी खाली होती की पोट वर येत होतं. एक मांडीला घट्ट आणि कंबरेला सैल. एकीवर चमकीचे खडे होते. ती त्यांनी हातातच घेतली नाही. "हे वरातीतल्या घोडीले घाला," म्हणाल्या. मग मी. मी बेंबीच्या वर बसले. दोन बाळंतपणांचं पोट मी दाबलं नाही, नुसतं सावरून धरलं. पाय घोट्यापर्यंत सरळ उतरले. वर त्यांचा पांढरा खादीचा आखूड कुर्ता होता. त्या आरशासमोर उभ्या राहिल्या, मग वळल्या आणि मान फिरवून स्वतःची पाठ बघू लागल्या. बराच वेळ बघत होत्या.

"नंदा, मी मांगून अशी दिसतो का वो?"

"हाव, आई."

"मंग आजपावतर मले कोनी सांगतलं काऊन नाई?"

नंदिनी दाराला टेकून उभी राहिली, आणि तिचे डोळे भरले, ते मी पाहिलं.

मग धुरपताबाईंनी माझ्या खिशात हात घातला. दोन पेरं आत गेली आणि हात अडकला. बायकांच्या कपड्यांना असे नावापुरते खिसे शिवणाऱ्यांबद्दल माझं मत मी इथं सांगत नाही, तुम्ही लहान आहात. बाईंनी मला घेतलं, पण दुसऱ्याच दिवशी शिंप्याकडे नेलं. "बोटं मावत नाई त खिसा कायले ठेवला," म्हणाल्या, आणि पिशवीतून कापड काढून दिलं. ते त्यांच्या ड्युटीच्या जुन्या पांढऱ्या साडीचं होतं. शिंप्यानं त्याचे खोल खिसे लावले. मनगटापर्यंत हात जाईल एवढे.

मित्रांनो, एकतीस वर्षं या बाईला खिसा नव्हता. किल्ली कंबरेला, पेन अंबाड्यात, थर्मामीटर पोलक्यात. एकसष्टाव्या वर्षी तिला पहिला खिसा मिळाला. त्यानंतर ती कुठंही उभी राहिली की तिचा उजवा हात आपसूक माझ्यात येऊन विसावायचा. मला तिच्या हातावरून तिचा दिवस कळायचा.

मी चार वर्षं तिच्यासोबत होते. स्कूटीवरून भाजीबाजारात, ग्रंथालयात, दवाखान्यात, हिंगणघाटला लेकीकडे. उन्हात वाळून माझा रंग मांडीवर थोडा फिकट झाला आणि मी तिला जास्तच शोभू लागले. हे माझं नाही, नंदिनीचं म्हणणं आहे.

सुरुवातीला बाई प्रत्येकाला कारण द्यायच्या. साडी स्कूटीच्या चाकात येते. गुडघ्याले बरं पडते. थंडी वाजत नाही. मला ते ऐकवत नसे. त्यांच्या दिराला, चंद्रभानला, फुलपँट का घालतोस असं कुणी कधी विचारलं नव्हतं. एके दिवशी बाजारात वांगी निवडता निवडता एका बाईनं विचारलं, "सिस्टर, या वयात प्यांट काऊन घालता वो?" धुरपताबाईंनी वांग्याचं देठ पाहिलं, वांगं टोपलीत टाकलं आणि म्हणाल्या, "मले चांगली दिसते म्हनून." त्या दिवसापासून कारणं बंद झाली.

शेजारच्या सुलोचनाबाई मूळच्या वडनेरच्याच. जिभेनं तिखट. "नातीची प्यांट घातली का, बाई?" असं त्यांनी कुंपणावरून विचारलं होतं.

"नात हायच कुठी मले? माहीच हाय."

"पाय दिसून राह्यले ना वो सारे."

"पायच हायेत, सुलोचना. चोरून नाई आनले."

पुढं एका दुपारी, घरात कुणी नसताना, याच सुलोचनाबाई आल्या आणि दार लोटून हळूच म्हणाल्या, "मले बसन का वो?" मी त्यांच्या गुडघ्याच्या वर गेले नाही. दोघी पलंगावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "कोनाले सांगजो नोको," सुलोचनाबाई म्हणाल्या. धुरपताबाईंनी कुणाला सांगितलं नाही.

अश्वजित वाईट मुलगा नाही. पण घरी त्याच्या ऑफिसातले लोक यायचे त्या दिवशी तो म्हणायचा, "आई, आज साडी नेसतो का?" ती नेसायची. मी खुंटीवरून बघत असे. तिचा हात कंबरेशी चाचपायचा, खिसा शोधायचा, आणि रिकामा खाली यायचा.

आता भिंतीवरच्या एका फोटोबद्दल सांगते, कारण सगळं त्यावरून घडलं. बैठकीत कवडूंचा मोठा, उभा फोटो आहे. त्यात ते काळ्या कोटात आहेत. कवडूंनी जन्मात कोट घातला नव्हता. ते वारल्यावर चंद्रभाननं स्टुडिओवाल्याला सांगून त्यांच्या चौकटीच्या शर्टावर कोट चढवून घेतला होता. आपल्याकडे असं सर्रास करतात. वारलेल्या माणसाच्या अंगावर कोट, शाल, जरीची साडी, स्टुडिओवाला सांगाल ते घालून देतो. धुरपताबाई तो फोटो पुसताना एकदा म्हणाल्या होत्या, "हा कोटातला मानूस माह्यासोबत कधीच राह्यला नाई. माहावाला चौकटीच्या शर्टातला होता. नंदा, मी मेल्यावर मले असं काई चढवजो नोको. जे घातलं असन तेच राहू दे."

"हाव," नंदिनी म्हणाली. तेव्हा ते हसण्यावारी गेलं.

त्रेसष्टाव्या वाढदिवसाला नंदिनीनं वेणा नदीच्या पुलाजवळ त्यांचा फोटो काढला. पांढरा कुर्ता, मी, आणि उजवा हात खिशात. त्या कुणाच्या तरी बोलण्यावर डावीकडे बघून हसत होत्या. इतका चांगला फोटो त्यांचा कधी आला नव्हता.

दोन वर्षांनी, यंदाच्या फेब्रुवारीत, सकाळी चहा ठेवता ठेवता त्या गेल्या. पांढऱ्या साडीत त्यांना नेलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, ती रीत आहे. माझी तक्रार त्यानंतरची आहे.

तिसऱ्या दिवशी नंदिनी कॉलेजात रजा टाकायला हिंगणघाटला गेली. तेवढ्यात चंद्रभाननं कपाट काढलं. साड्या नात्यातल्या बायकांसाठी बाजूला ठेवल्या. मला हातात धरून म्हणाला, "हे कोन घेईन? फटफटी पुसाले कामी येईन." आणि कात्रीनं माझा उजवा पाय गुडघ्याशी कापला. अश्वजित तिथंच खुर्चीवर बसला होता. त्यानं पाहिलं आणि मान खाली घातली. उरलेली मी भांडेवालीला द्यायच्या गाठोड्यात, दाराशी.

मला दुखलं का, असं विचारू नका. दुखलं ते अश्वजितच्या मान खाली घालण्यानं.

बाईंना आदरांजली वाहायचा, पुण्यानुमोदनाचा दिवस आला, आणि सकाळपासून माणसं यायला लागली. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, वंदना घ्यायला भन्तेजी आले होते. चंद्रभान स्टुडिओतून फ्रेम घेऊन आला आणि पांढरा कपडा अंथरलेल्या टेबलावर उभी केली. नंदिनीनं त्याला पुलाजवळचाच फोटो मोबाइलवरून पाठवला होता. काय करणार आहेत हे विचारायचं तिला सुचलं नव्हतं. दुःखात माणसाला सुचत नाही, आणि नेमकं तेव्हाच इतरांना फार सुचतं.

फोटोत धुरपताबाई जांभळ्या साडीत होत्या. सोनेरी काठ. अशी साडी त्यांच्याकडे नव्हती. निऱ्या खळ दिल्यासारख्या सरळ होत्या. चेहरा तोच, हसणं तेच.

नंदिनी जवळ गेली. तिनं फोटोतल्या कोपरावरून बोट खाली नेलं. मग हळू आवाजात म्हणाली, "काका, आईचा हात कुठी हाय?"

"कोन्ता हात?"

"उजवा."

चंद्रभाननं चष्मा लावला. उजवा हात कोपरापासून खाली येत होता, मनगटाशी साडीचा रंग सुरू होत होता, आणि पुढं काही नव्हतं. हात माझ्या खिशात होता. मला पुसलं, तसा तोही पुसला गेला.

"पदराखाली असन," चंद्रभान म्हणाला.

"पदर डाव्या खांद्यावर हाय, काका."

"आता तूच पाह्य, पोरी. चार लोकं येनार. वयनीचा प्यांटातला फोटू भिंतीवर लावाचा का? दादाले नाई का कोट घातला व्हता? कोनी काई म्हटलं?"

"आई म्हणाली होती, असं काई चढवजो नोको."

"नंदा, राहू दे ना," अश्वजित म्हणाला. "लोकं बसले."

"काऊन राहू दे?"

हे सुलोचनाबाई बोलल्या. त्यांच्या हातात फुलांचं ताट होतं. ते त्यांनी खुर्चीवर ठेवलं.

"त्याच हातानं माही रंजिता बाहेर काढली. पायाकडून येऊन राह्यली व्हती. डॉक्टर तालुक्यावरून निघाले नव्हते अजून. हातच नाई त मी फूल कोनाले वाहू, चंद्रभानभाऊ? साडीले?"

चंद्रभाननं चष्मा काढला, पण सुलोचनाबाई थांबल्या नाहीत.

"आन प्यांटीचं म्हनान, त मीबी घालून पाह्यली. गुडघ्यावर चढली नाई, नाई त मीबी फिरली असती पिपरीत."

मागच्या खुर्च्यांवरच्या दोन बायका हसल्या, पदरात तोंड घालून. भन्तेजी शांतपणे म्हणाले, "घाई नाही. आम्ही थांबतो."

अश्वजित उठला. त्यानं फ्रेम टेबलावरून उचलली आणि बहिणीला म्हणाला, "मूळचा पाठव मले मोबाइलवर. जसाच्या तसा छापून आनतो." अर्ध्या तासात तो परत आला. चौकट तीच, फोटो खरा. लोकांनी रांगेनं फुलं वाहिली. कुणाच्या डोक्यावर आभाळ पडलं नाही.

चंद्रभान न जेवता निघाला. नंदिनी त्याच्यामागून अंगणात गेली, तेव्हा त्याच्या फटफटीच्या सीटवर तिला माझा पाय दिसला. तेलानं काळा झालेला. तिनं तो उचलला. काकानं तिच्याकडे पाहिलं आणि तो किक मारायला विसरला. मग तिनं दाराशी येऊन गाठोडं सोडलं आणि मला बाहेर काढलं.

अश्वजित म्हणाला, "शिंप्याकडून जोडून आनतो."

"नको. असीच राहू दे. दिसलं पायजे."

मी आता हिंगणघाटला, नंदिनीच्या खोलीत खुंटीवर असते. धुतलेला पाय घडी करून माझ्याच डाव्या खिशात ठेवला आहे.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी वस्तू तुम्हाला विनवते, की आम्हाला जपा, फेकू नका. मी तसं म्हणणार नाही. मी कापड आहे, एक दिवस विरणारच. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरात आई असेल, आजी असेल. तिला काय घालावंसं वाटतं ते विचारा, आणि तिनं सांगितलं की तिच्याकडे कारण मागू नका. ती आरशासमोर वळून स्वतःची पाठ बघत असेल, तर थांबा आणि तिला सांगा, कशी दिसते ते. ती गेल्यावर तिला काही नेसवायला धावू नका. तेव्हा ती नको म्हणायला नसते.

माझ्या उजव्या खिशात, पांढऱ्या साडीच्या अस्तरावर, चार बोटांनी झिजलेली जागा आहे. कॉलेजातून आली की नंदिनी कधी कधी त्यात हात घालून उभी राहते. तिचा हात आईच्या हाताहून थोडा लहान आहे. खिसा खोल आहे, मनगटापर्यंत मावतो.