कोल्हारच्या बाजारातलं लाल फडकं

तरण्या पोरांचा घोळका इतका दाटला होता की धक्के माझ्या हळदी-कुंकवाच्या पालापर्यंत येत होते. मधोमध भगव्या कफनीतला बाबा गरजत होता, "नको त्या जागी दाणे आलेत? लाजू नगा! ही गरमी हाय. लगीन केलं तर बायकू सडंल, पोरं आंधळी हुतील! माझं फडकं खोटं बोलत न्हाई!"

हळदीच्या ओल्या फडक्याच्या तुकड्यानं तो एकेकाचा तळहात पुसायचा. कुणाचा तुकडा पिवळाच राहायचा, कुणाचा रक्तासारखा लाल व्हायचा. लाल झाला की निळ्या मलमाची डबी. गेल्या बाजारी आमच्या गावच्या छगननं ते मलम लावलं होतं. तो अजून पाय फाकून चालत होता.

माझा पुतण्या कानिफनाथ खाली मान घालून पुढं गेला. "मळ बाळा, भीड जाईल," म्हणत बाबानं आधी त्याच्या हातावर तंबाखू ठेवली, मग चुना. त्यानं ती मळून तोंडात टाकली. मग फडकं. लाल!

नेमका गर्दीत सहादेवतात्या उभा होता, कानिफचा होणारा सासरा. "लगीन मोडलं!" तो ओरडला. "असल्या रोग्याला माझी मनकर्णा न्हाई देनार."

कानिफनं डबी घट्ट धरली. मला पुटपुटला, "काकू, दाणे हायत मला. हे मलम लावून आजच जाळून टाकतो."

बाईमाणसानं त्या घोळक्यात शिरायचं नसतं. शिरले.

"बाबा, आमच्या व्याह्यांचा हात पुसा की."

"म्हाताऱ्याला कशाला?"

"भ्यालात व्हय?"

तात्याची तंबाखू-चुन्याची चंची कमरेची कधी सुटली नाही. मीच एक तुकडा ओढला आणि त्याच्या तळहातावर दाबला. लालभडक!

"तात्या, या वयात?" कुणीतरी हाळी दिली.

"आरं, पोरांची शप्पथ! मी काय बी केलं न्हाई!"

"तुमी न्हाई, चुन्यानं केलं. हळदीला चुना लागला की ती लाल हुती. मी कुंकू असंच करते. भेदरलेला पोरगा हेरायचा, त्याला तंबाखू मळायला द्यायची, की झाली गरमी!" शेजारच्या पाटीतलं लिंबू मी फडक्यावर पिळलं. लाल पुन्हा पिवळं झालं. "घ्या, बरी बी झाली!"

हसू फुटलं. बाबा झोळी आवरू लागला. कानिफ मात्र हसला नाही. "पन काकू, दाणे तर हायतच ना?"

मी त्याला तडक दवाखान्यात नेलं. तात्याही मागोमाग आला. डॉक्टर शांतवनांनी दार लावून कानिफला तपासलं. मी बाहेर बाकावर दाराकडं बघत बसले. हळदीचं मला कळत होतं, रोगाचं नव्हतं.

डॉक्टरांनी दार उघडलं. "कानिफ म्हणतोय, तुमच्यासमोर सांगा. या तेलाच्या बारीक ग्रंथी आहेत. वयात आल्यावर दिसायला लागतात, पुष्कळांना असतात. रोग नाही, कुणाला लागत नाही, औषध नको. या मलमात मोरचूद आहे, त्यानं जखम झाली असती. छगनला आजच पाठवा. मात्र फोड आला, पू आला, लघवीला आग झाली, चामखिळीसारखे वाढत जाणारे मोड आले, किंवा बाहेर कुणाशी संबंध येऊन शंका वाटली, तर लाज सोडून या. ते आजार खरे आहेत, आणि त्यांवर उपचार आहेत."

तात्या टोपी चुरगाळू लागला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "डाक्टर, मला बी हायत तसले. तरणा हुतो तवापासनं. कुनाला इचारलं न्हाई." आणि कानिफच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जावईबापू, चला घरी."

पोरांनो, सगळं तारुण्य त्या माणसानं भीतीत काढलं. तुम्ही काढू नका. शंका आली तर डॉक्टरला दाखवा आणि विचारा. अंग तुमचं आहे. त्याचा निवाडा बाजारातल्या फडक्यावर सोडू नका.