मधली जागा

माझ्या मुलाने घरातली पातेली पळवली. एकात नटबोल्ट, एकात रॉकेलमध्ये बुडवलेला कार्ब्युरेटर, आणि पाहुणे आले की बाहेर निघतं त्या मोठ्या पातेल्यात गिअरची चाकं.

"अरे, उद्या ताटात काय, गिअर शिजवून वाढू?"

"वाढ की. मीठ मात्र बेताने घाल," तो मान वर न करता म्हणाला. बोलण्यात अगदी बापावर गेलाय.

मोटरसायकल त्याच्या वडिलांची. हे जाऊन वर्ष झालं, तेव्हापासून ती अंगणाच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी होती. मुलाचं स्वतःचं गॅरेज आहे. लोकांच्या गाड्या त्याच्या हातून नव्या होऊन जातात आणि घरची गंजत बसते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पण एका सकाळी त्याने ताडपत्री ओढली आणि म्हणाला, "आई, हिला कंपनीतून आली तशी करतो. पहिली चक्कर तुला मागे बसवून."

मला आणखी काय हवं होतं? गुडघे कुरकुरतात, जिना चढताना देव आठवतो, पण त्या सीटवर, अगदी मागच्या टोकाला, माझ्या जागी मला एकदा बसायचं होतं.

माझी जागा टोकाचीच. माझ्यात आणि ह्यांच्यात वीतभर सीट मोकळी असायची, आणि गल्लीला त्याची फार मौज वाटे. "काय वहिनी, आजही अबोला का?" समोरचे काका विचारायचे. मी हसून वेळ मारून न्यायची. हे ऐकूनही न ऐकल्यासारखं करायचे.

ती जागा आमच्या मुलीची होती.

बबडी म्हणायचो तिला. माझं पहिलं बाळंतपण, मूल अडलं, आणि तिने मान अशी कधी धरलीच नाही. चांगली मोठी झाली तरी आधाराशिवाय बसता यायचं नाही. दवाखान्यात, व्यायामाला, कुठेही न्यायचं तर दोघांच्या मध्ये घट्ट धरून न्यावं लागे, आणि तेवढी सीट पुरायची नाही. हे वेल्डर, जिने आणि ग्रिल करणाऱ्या कारखान्यात नोकरीला. एका सुट्टीत ह्यांनी गाडीचा सांगाडा उघडा केला, कापला, मध्ये पाइपाचे तुकडे घालून वीतभर लांब केला. मागचं चाक मागे नेलं, चेनला जादा कड्या घातल्या. सीटच्या दोन्ही अंगांना पट्टा अडकवायला दोन लोखंडी रिंगा जोडल्या. "गाडी आहे की बाकडं?" लोक म्हणाले. म्हणेनात का! वारा लागला की बबडी हसायची. घरात तिचं हसू शोधावं लागे, गाडीवर मात्र खळखळून हसायची. गतिरोधक आला की हे डावा हात क्लचवरून काढून मागे न्यायचे आणि तिचा गुडघा दाबून धरायचे.

सात वर्षांची व्हायच्या आत ती गेली.

त्यानंतर ह्यांनी तिचं नाव घेतलं नाही. मी काढलं तर ताटावरून उठून जायचे, मग मीही सोडून दिलं. आम्ही घर बदललं. नव्या गल्लीत आम्हाला ओळखणारं कोणी नव्हतं. मग हा मुलगा झाला. आपल्याआधी एक मुलगी झाली होती आणि ती गेली, एवढंच त्याला ठाऊक. पण ह्यांनी गाडी परत लहान केली नाही आणि मी कधी पुढे सरकले नाही. गतिरोधक आला की ह्यांचा डावा हात मागे यायचा, रिकाम्या सीटवर टेकायचा आणि परत जायचा. शेवटपर्यंत. आम्ही दोघं तिच्याबद्दल काही बोललो असू, तर ते एवढंच.

सांगाडा मोकळा झाला त्या दिवशी मुलगा टेप घेऊन त्याच्याभोवती फिरत होता. मी चहा घेऊन गेले.

"आई, ही गाडी वीतभर लांब आहे. बाबांनी कापून वाढवलीय. आणि ह्या रिंगा कशाच्या?"

"असतील कशाच्या तरी."

"काम बाकी झकास आहे. जोड हाताला लागत नाही. पण कशाला केलं असेल?" त्याने चहाचा घोट घेतला. "आणि एवढी लांब सीट, तरी मला कधी मध्ये बसू दिलं नाही. मी आपला टाकीवर. उन्हात टाकी अशी तापायची! एकदा मी मध्ये चढलो तर बाबांनी बखोट धरून खाली उतरवलं. आठवतं तुला?"

आठवत होतं. शब्द अगदी ओठांवर आले, आणि मी ते गिळले. घरात जे कधी बोललंच गेलं नाही, ते चहाच्या कपासोबत कसं सांगायचं? संध्याकाळी सांगू म्हटलं, निवांत. सांगाडा काही पळून जात नाही.

तो पळून गेला. दुपारी मी जरा आडवी झाले, तेवढ्यात पोराने तो टेंपोत घालून गॅरेजला नेला.

संध्याकाळी परत आला तो स्वारी खुशीत. सांगाडा अंगणात उतरवून घेतला, खांद्यावरचं पोतं धपकन खाली टाकलं. "बघ, कंपनीच्या मापाला तंतोतंत! मागचं चाक धरणारा फाटाही मूळचा मिळाला. रिंगा घासून टाकल्या, खूणसुद्धा राहिली नाही."

"आणि मधले पाइप?"

"पोत्यात. भंगारात जातील."

मी पोतं पालथं केलं. पाइपाचे तुकडे घरंगळत पायाशी आले.

"आई, हात कापेल. काय शोधतेयस?"

"तुझ्या बहिणीची जागा."

मग मी तिथेच पायरीवर बसून सगळं सांगितलं. मान न धरलेली मुलगी, पट्टा, वाऱ्यातलं हसू, ह्यांचा हात. तो चिंधीने बोटं पुसत ऐकत होता. बोटं स्वच्छ झाली तरी पुसतच राहिला.

"म्हणून मी टाकीवर," तो म्हणाला.

"हो."

"मला वाटायचं, माझ्यासाठी तुम्हाला सरकायचं नसायचं. त्या जागेचा मला राग यायचा, आई. आज कापताना बरं वाटलं मला."

मला राग आला तो ह्यांचा. माणूस गेला म्हणून राग थोडाच जातो! एकदा, फक्त एकदा पोराला जवळ घेऊन सांगितलं असतं तर तोंड झिजलं नसतं तुमचं. आणि माझंही.

"परत घालतो," तो एकदम उठला. पाइपाचा तुकडा उचलून सांगाड्याला लावून पाहिला, आणि तसाच थांबला. का थांबला ते मलाही कळलं. ह्यांचा नियम होता, कारखान्यात आणि घरातही: जोडावर जोड घालून त्याच्यावर माणूस बसवायचा नाही. गेटला चालेल, गाडीला नाही. पोराने तो नियम पाळूनच कापलं होतं. बापाच्या जोडाच्या पलीकडे, कोऱ्या पाइपात कापून, मध्ये चार बोटांचा नवा तुकडा घातला होता. आता कोरा पाइप उरलाच नव्हता, पुन्हा कापायचं म्हणजे जोडावर जोड. बापाने शिकवलेलं पाळलं, म्हणून बापानेच केलेलं परत करता येईना.

"दुसरा सांगाडा आणतो. त्याला लांब करतो."

"त्याला काय करायचंय? त्याच्यावर ती कुठे बसली होती?"

तो रडला. एवढा थोरला माणूस, हातभर काळं ग्रीस, आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला. मीही रडले. तिच्यासाठी इतक्या वर्षांत घरात कोणी मोठ्याने रडलं नव्हतं.

गाडी पुरी व्हायला पुढे बरेच दिवस लागले. त्याचा त्यातला जीव गेला होता, पण त्याने काम अर्धवट टाकलं नाही. इंजिन बसलं, रंग झाला, पातेली घासून फडताळात गेली. पहिल्या चकरेला गल्ली दारात उभी राहिली. गाडी सुरेखच दिसत होती, खोटं कशाला बोलू.

मी सवयीने मागे सरकले, तर मागे सीटच नव्हती. पाठीला लोखंड लागलं. पुढे सरकावं लागलं, पोराच्या पाठीला अगदी चिकटून.

"वहिनी, मिटला वाटतं अबोला!" समोरचे काका ओरडले. बिचाऱ्यांना काय ठाऊक.

शाळेच्या कोपऱ्यावर गतिरोधक आला, आणि पोराचा डावा हात क्लचवरून सुटून मागे आला. त्याला हे कोणी शिकवलं नव्हतं. टाकीवर बसून बापाचं पाहिलेलं. गतिरोधक असाच ओलांडायचा, एवढंच त्याला माहीत. ह्यावरून गॅरेजमधले त्याची टिंगलही करतात. हात मागे आला आणि माझ्या गुडघ्यावर पडला.

त्याने गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. मागे वळला नाही.

"आई, बबडी तर लाडाचं. तिचं खरं नाव काय होतं?"

मी सांगितलं. रस्त्यावर, गाड्यांच्या आवाजात, मोठ्याने सांगितलं. माझा मलाच आवाज ओळखू येईना. त्याने ते नाव एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं, मान हलवली आणि किक मारली.

पुढच्या वळणापाशी आणखी एक गतिरोधक आहे. तो जवळ येताना दिसला तशी मी वाट पाहू लागले. चाक चढलं, उतरलं. पोराचे दोन्ही हात हँडलवरच राहिले.