रोलरची जाळी

लॉन्ड्रीत तिला सगळे वहिनी म्हणत, कारण युनियनचे अध्यक्ष तिचे थोरले दीर होते. या नात्याचा उपयोग इतकाच, की सभेत तिचं म्हणणं सगळे आदरानं ऐकत आणि तितक्याच आदरानं बाजूला ठेवत.

म्हणणं एकच होतं. हॉस्पिटलच्या चादरींना इस्त्री करणाऱ्या मोठ्या रोलरवर नऊ माणसं होती, सगळी परदेशातून आलेली. त्या धगीत इथलं कुणी उभं राहायला तयार नसे. रोलरच्या तोंडावरची जाळी मोडून वर्ष झालं होतं. या लोकांना सभासद करून घ्या, मग हक्कानं जाळी मागता येईल, असा ठराव वहिनीनं तीनदा मांडला. तिन्ही वेळा तो पडला.

“अगं, उद्या आपण संप केला की हीच माणसं मागच्या दारानं आत शिरतील,” भावोजी म्हणत. “हात दाखवून अवलक्षण कशाला?”

मग सोमवारी रोलरमध्ये त्यांच्यातल्या एका बाईची बोटं चिरडली. मंगळवारी नऊच्या नऊ जण फाटकाबाहेर जाऊन बसले. झेंडा नाही, घोषणा नाहीत. जाळी बसवा, मग येतो, एवढंच.

वहिनीला वाटलं, आता तरी यांचे डोळे उघडतील. बुधवारी सकाळी भावोजींनी तिला बोलावून घेतलं.

“मॅनेजरला रोलरवर माणसं हवीत. सात जणींना घेऊन तू जा.”

“म्हणजे त्यांचा संप आपण मोडायचा?”

“सभासद नसलेल्यांचा संप नसतो. गैरहजेरी असते. आणि करार आहे, नोटिशीशिवाय आपल्याला काम नाकारता येत नाही.”

“मी नाही गेले तर?”

“तर नोकरी जाईल. मग मलाही काही करता येणार नाही.”

घरी नवरा कंबर धरून अंथरुणात, दोन मुली शाळेत. वहिनी निघाली. तिला भावोजींचा राग आला, त्या कराराचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या पायांचा, कारण ते मुकाट चालत होते.

फाटकात बँडेज बांधलेल्या त्या बाईनं पाय आखडून तिला वाट दिली. “जा ताई, उशीर होईल.” त्यात टोमणा असता तरी बरं वाटलं असतं.

आत रोलरला कोरी करकरीत जाळी होती.

“काल संध्याकाळी बसवली,” मेकॅनिक म्हणाला. “अर्ध्या तासाचं काम. युनियनच्या बायका येणार म्हटल्यावर पाहिजेच ना.”

दुपारी भावोजी खुशीत डोकावले. “बघितलंस? आता हे काम कायमचं आपल्याकडे. त्या नऊ जणांना संध्याकाळी कामावरून काढल्याच्या चिठ्ठ्या मिळतील.”

“जाळी त्यांनी मागितली होती, भावोजी.”

“मागितली त्यांनी, मिळाली आपल्याला. यालाच संघटना म्हणतात.”

वहिनीनं पुढची चादर रोलरला लावली. भिंतीवर डोकं आपटून भिंत थोडीच फुटते.

सुटी झाल्यावर ती बाहेर आली, तर बँडेजवाली बाई उठून सामोरी आली. “ताई, जाळी बसवली म्हणे?”

“हो.”

बाईनं मागे वळून आपल्या माणसांना त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. सगळे हसले, उठून कपडे झटकू लागले. “तुमच्या युनियननं मदत केली ना? फार उपकार झाले. उद्या येतो आम्ही.”

वहिनीनं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात मॅनेजरचा शिपाई नऊ पाकिटं घेऊन फाटकाबाहेर आला, आणि बाईनं हसतच आपला धड हात पुढे केला.