नाक मुठीत

तिने ग्लास दिव्याच्या उजेडाकडे धरला, काठावरून बोट फिरवलं आणि तो भावाच्या हातात परत दिला.

"साबणाचा वास येतोय. नुसत्या पाण्याने धू."

भावाने ग्लास नाकाशी नेला, हुंगल्यासारखं केलं, मान डोलावली आणि तळघराच्या कोपऱ्यातल्या नळाकडे गेला. ग्लासाला कसलाही वास येत नव्हता. फोनवर त्याने सांगितलेलं खरं आहे की त्यातही काही डाव आहे, हे तिला आधी बघायचं होतं. खरंच होतं. दादाचं नाक गेलं होतं.

द्राक्षतोडणीच्या ऐन तोंडावर त्याला ताप आला होता. ताप उतरला, पण वास काही परत आला नाही. हे त्याने मळ्यावरच्या माणसांना सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. वाइन करणाऱ्याचं नाक गेलं म्हणजे गवयाचे कान गेले, पुढे कोण विचारतो? उद्या खरेदीदार येणार होता आणि पिंपातल्या वाइनला वास कसा आहे हे दादाला ठाऊक नव्हतं. म्हणून या माणसाने अक्षरशः नाक मुठीत धरून तिला फोन केला होता. सकाळी बसमध्ये हे तिच्या मनात आलं तेव्हा ती एकटीच इतकी हसली, की शेजारची बाई सरकून बसली.

मळा सेंद्रिय करायचा हट्ट मुळात तिचा. बाबांना तिनेच पटवलं होतं. औषधं फवारणं बंद झालं, वेलींच्या ओळींमध्ये गवत वाढू दिलं. वाइन टिकावी म्हणून सगळे घालतात त्या गंधकाचा कणही पिंपात घालायचा नाही, विकतचं यीस्ट नाही, द्राक्षाच्या सालीवर जे असेल त्यानेच रस आंबायचा. दादा तेव्हा येईल त्याला सांगायचा, आमची बाई वाइन करत नाही, वाइन आपली आपण होते आणि ही खुर्ची टाकून बघत बसते. माणसं हसायची. तीही हसायची, कारण वाइन चांगली होत होती.

मग बाबांनी तळघर तिच्या हातात द्यायचं ठरवलं, आणि त्याच हंगामात सेंद्रिय प्रमाणपत्राच्या तपासनिसाने नेलेल्या नमुन्यात गंधक निघालं. थोडंथोडकं नाही, भरपूर. तळघराच्या किल्ल्या दोघांकडेच होत्या. दादाने सगळ्यांसमोर हात झटकले. धीर सुटला असेल बिचारीचा, म्हणाला. त्या 'बिचारी'ने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि ती अजून खाली उतरली नव्हती. बाबा त्यानंतर तिच्याशी बोलले नाहीत. ते गेले तेही तिला परक्या माणसाकडून कळलं. ती व्हिनेगरच्या कारखान्यात नोकरीला लागली. चांगली वाइन आंबट करायचा पगार मिळायचा.

दादा ग्लास धुऊन आला. तळघरात बाकीची पिंपं रिकामीच होती, खालच्या अंगाची बाग गारपिटीने झोपवली होती. भरलेलं होतं ते एकच मोठं पिंप, उतारावरच्या जुन्या वेलींचं. हे हातचं गेलं तर मळा विकावा लागेल, हे त्याने जिना उतरतानाच सांगून टाकलं होतं. त्याने वरचं बूच काढलं, काचेची लांब नळी आत सोडली आणि ग्लास पाव भरला.

तिने ग्लास घेतला, पण नाकाशी नेला नाही.

"माझ्यावर विश्वास ठेवणार आहेस?"

"वाइनच्या बाबतीत, हो," तो म्हणाला. "तेव्हाही होता."

ती त्याच्याकडे बघत राहिली. आपण काय बोलून गेलो ते त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं, आणि तो पिंपाच्या लोखंडी कड्यावरची धूळ बोटाने पुसू लागला.

"मग हे बाबांना का नाही सांगितलंस?"

"जुनं झालं गं ते. बघ ना, कशी आहे?"

तिने ग्लास फिरवला आणि नाक आत घातलं.

खराब निघेल असं धरूनच ती आली होती. काय बोलायचं तेही तिने ठरवलं होतं: उत्तम झालीय दादा, खुशाल विक. मग उद्या खरेदीदार नाकाला रुमाल लावेल आणि चार लोकांत याचं नाक कापलं जाईल. पण वाइन खराब नव्हती. वाळलेल्या संत्र्याची साल, ओला दगड, त्यामागून ओळींमधल्या गवताचा वास. तिने घोट घेतला आणि थुंकायचा सोडून गिळला. तिच्या स्वतःच्या हातून कधी इतकी चांगली उतरली नव्हती. नाक नाही म्हणून दादाने या वेळी लुडबूड केली नव्हती. ती ओरडून ओरडून सांगायची ते सगळं त्याने मुकाट्याने जसंच्या तसं केलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लगेच दादाचा भयंकर राग आला.

"नेलपॉलिश," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"नेलपॉलिशचा वास मारतोय. गेली ही. व्हिनेगरलासुद्धा चालणार नाही, आमच्याकडे असली दारातूनच परत पाठवतात. आणि आज काढून टाक. नाहीतर उद्या खरेदीदार येईल तेव्हा तळघरभर हाच वास असेल."

त्याने एकदाच विचारलं, नक्की ना? तिने मानेनेच हो म्हटलं. तो पिंपाजवळ खाली बसला आणि त्याने खालची तोटी पूर्ण उघडली. वाइन फरशीवरून नालीकडे धावली. तळघर वासाने भरून गेलं. तो त्या वासात बसला होता आणि त्याला त्यातलं काही कळत नव्हतं. तिला वाटलं होतं, हे बघताना गार वाटेल. वाटलंही, थोडा वेळ.

जिन्यावर पावलं वाजली. वहिनी अर्ध्या जिन्यात येऊन थांबली.

"अहो, काय उघडलंय? वरपर्यंत घमघमाट सुटलाय. इतका छान वास तर कधीच आला नव्हता."

दादाने मान वळवून बहिणीकडे पाहिलं. तिने नजर चुकवली नाही. त्याचा हात तोटीवर होता आणि पिंप अजून निम्म्याहून जास्त भरलेलं होतं.

"खराब झाली होती," तो बायकोला म्हणाला. "हिने सांगितलं. ही वाइनबाबत खोटं बोलत नाही, कधीच बोलली नाही. त्या गंधकाच्या वेळीही नाही."

वहिनीने एकदा वाहत्या वाइनकडे आणि एकदा नणंदेकडे पाहिलं. दादाने तोटीवरचा हात काढून घेतला आणि तोटी तशीच उघडी ठेवली.