ऑक्टोपसचे तिसरे हृदय

बाईंनी खोडरबराने ‘तीन’ पुसले, कागदावरचा चुरा फुंकून उडवला आणि त्याच जागी जपून ‘दोन’ लिहिले. आता ओळ अशी झाली : ‘ऑक्टोपसला दोन हृदये असतात आणि त्याचे रक्त निळे असते.’ त्यांनी ती एकदा मनात वाचली, एकदा ओठ हलवून वाचली. ठीक होती. खोटी होती, पण ठीक होती.

शेजारी कोड्याची चौकट तयार होऊन पडली होती. त्या चौकटीने सकाळपासून त्यांचा जीव घेतला होता. ‘ऑक्टोपस’ आडवा बसला खरा, पण त्यातल्या ‘क्टो’मधून खाली जाणारा शब्द काही मिळेना. जोडाक्षर म्हणजे हट्टी पाहुणा, कुणाशी जुळवून घेत नाही. मग चहा झाला, खिडकीपर्यंत फेरी झाली, आणि गॅस पुसता पुसता एकाएकी ‘ऑक्टोबर’ आठवला. बाईंनी फडके तिथेच टाकले आणि ओल्या हाताने अख्खा महिना उभा करून टाकला. अशा वेळी हसून सांगायला घरात कुणी नसे. त्या पेन्सिलीलाच म्हणत, “बघ, सापडला की नाही!”

वर्तमानपत्रात रोज त्यांचे शब्दकोडे येई. दुसऱ्या दिवशी त्याचे उत्तर, आणि उत्तराखाली ‘उत्तरामागचे’ नावाची लहानशी चौकट. एखाद्या शब्दाची दोन ओळींत गंमत. गल्लीत त्यांना सगळे कोडेवाल्या बाई म्हणत. भाजीवालाही वजन करता करता विचारी, “काय बाई, आज आडवं की उभं?” पण कोडे सोडवल्याचे कुणी कधी सांगितले नव्हते. नोकरीत असताना त्या ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात बसत. तेव्हा लोक रांग लावून विचारायला येत. निवृत्त झाल्यावर ती रांग विरघळली. आता रोज सकाळी हजारो घरांत त्यांची अक्षरे जात आणि एकाही घरातून साधी हाक उलट येत नसे. विहिरीत खडा टाकावा, आणि पाण्याचा आवाजच येऊ नये, तसे.

आवाज आला तो चुकीमुळे. ती पहिली चूक मात्र अगदी प्रामाणिक होती. वटवाघूळ आंधळे असते, असे त्यांनी लहानपणापासून ऐकलेले लिहून टाकले होते. त्या सकाळी फोन वाजला.

“वटवाघळाला दिसतं, बाई. चांगलं दिसतं.”

“कोण बोलतंय?”

“मी जनावरांचा डॉक्टर. म्हणजे होतो. आता घरीच असतो. तुमचा नंबर पेपरच्या कचेरीतून मागून घेतला. रागावू नका, पण वटवाघळावर अन्याय झाला.”

बाईंनी माफी मागितली. डॉक्टर म्हणाले, माफी वटवाघळाची मागा. मग त्यांनी सांगितले, एकदा दवाखान्याच्या माळ्यावर वटवाघळाचे पिल्लू सापडले होते, ते ड्रॉपरने दूध कसे प्याले, आणि अंगठ्याएवढ्या जिवाचे काळीज तळहातावर कसे धडधडत होते. फोन ठेवला तेव्हा बाईंचा चहा पार गार झाला होता. तो त्या तसाच, गोड मानून प्यायल्या.

त्यानंतर कितीतरी दिवस कोडे बिनचूक गेले आणि फोन मुका राहिला. मग एका सकाळी बाईंनी, का ते स्वतःलाही न सांगता, समुद्रघोड्याची मादी पिल्ले पोटाशी वागवते असे लिहिले. खरे तर वागवतो तो नर. उत्तर छापून आले त्या दिवशी त्या अंघोळीलाही फोन ऐकू यावा म्हणून दार उघडे ठेवून गेल्या. आणि फोन आला.

तेव्हापासून बाई चुका करू लागल्या. सरसकट नव्हे. चौकटीत तर कधीच नाही. तिथले अक्षर न् अक्षर चोख. चूक असे ती खालच्या दोन ओळींत, आणि तीही मापात बेतलेली. फार ढोबळ झाली तर कुणीही ओरडेल, फार बारीक झाली तर निसटून जाईल. एकाच माणसाच्या नजरेला अडकेल एवढीच. पूर्वी आई लेकरासाठी दुधाच्या भांड्याची खरवड बाजूला ठेवी, तशी बाई आठवड्यातून एक चूक डॉक्टरांसाठी बाजूला ठेवत.

ऑक्टोपसचे उत्तर छापून आले त्या दिवशी फोन सकाळीच वाजला. बाईंनी तो लगेच उचलला नाही. जरा वाजू दिला.

“बाई, ऑक्टोपसचं एक हृदय कुठं हरवलंत?”

“म्हणजे? दोन नसतात?”

“तीन! दोन कल्ल्यांसाठी आणि एक मोठं, सगळ्या अंगाला पुरवणारं. एवढं बिचाऱ्याला देवानं हात सैल सोडून दिलं आणि तुम्ही एक काढून घेतलंत.”

“अगंबाई! घाईत लिहिलं असेल मी.”

“हल्ली घाई फार होते तुमची. गाडी कुठली गाठायची असते?” डॉक्टर हसले. मग आवाज खाली आला. “एक सांगू? तो पोहायला लागला की ते मोठं हृदय थांबतं. म्हणून तो पोहायचा कंटाळा करतो. तळाशी सरपटत राहतो आपला.”

“दमत असेल.”

“दमतोच. जिवावर येतं त्याच्या.”

डॉक्टरांच्या फोनमागून कधीच काही ऐकू येत नसे. भांडे नाही, पावले नाहीत, कुणी कुणाला हाक मारत नाही. ती शांतता बाईंना ओळखीची होती. त्यांच्या स्वयंपाकघरातही तीच नांदत होती. पण त्याविषयी दोघांनी कधी शब्द काढला नाही. त्यांच्यात बोलणे होई ते पिसांचे, शेपट्यांचे, खुरांचे. घरात कोण आहे, कोण होते, हे विचारायची वाट त्या बोलण्यात कुठे फुटतच नव्हती.

त्याच आठवड्यात कचेरीतून उपसंपादक मुलीचा फोन आला. मुलगी गुणी होती, बाईंना मावशी म्हणे आणि कोड्याची पाने स्वतः लावी.

“मावशी, तब्येत बरी आहे ना?”

“मला काय धाड भरलीय? का गं?”

“नाही... हल्ली जरा चुका होतायत. ऑक्टोपसचं, त्याआधी ते समुद्रघोड्याचं. पत्रं आलीत.”

“डॉक्टरांनी लिहिलं?”

“कोण डॉक्टर? हां, ते तुमचा नंबर मागणारे! नाही हो, त्यांनी नंतर कधी तक्रारच केली नाही. हे एका शाळेतल्या बाईंचं पत्र आहे. त्यांच्या वर्गातल्या मुलीनं परीक्षेत लिहिलं, समुद्रघोड्याची मादी पिल्लं वागवते. शिक्षिकेनं चूक दिली, तर ती रडायला लागली. म्हणाली, पेपरात छापलंय, माझ्याकडे कात्रण आहे.”

फोनची तार बाईंनी बोटाभोवती गुंडाळली होती. बोटाचे टोक पांढरे पडले होते.

“मावशी, ऐकताय ना? संपादक म्हणाले, त्यांचं वय झालं असेल, आणखी एक चूक झाली तर कोडं थांबवू. तयार कोडी मिळतात म्हणे संगणकावर. मी भांडले हो. म्हटलं, मावशींच्या कोड्यासारखं ते मशीन काय करणार! पण तुम्ही जरा तपासून पाठवा. माझ्यासाठी.”

“तपासते,” बाई म्हणाल्या. “त्या मुलीचं... त्या मुलीला गुण मिळाले का?”

“ते नाही लिहिलं.”

फोन ठेवून बाईंनी बोटावरची तार सोडवली. वय झाले म्हणतात, ते त्यांना फारसे लागले नाही. मी मुद्दाम केले, असे सांगण्यापेक्षा विसराळू ठरलेले बरे होते. लागले ते कात्रण. संदर्भ विभागात जन्म घालवलेल्या बाई. एक सन तपासायला शिडीवर चढणाऱ्या. आणि कुठल्याशा पोरीने त्यांचे खोटे कात्रीने नीट कापून, विश्वासाने वहीत जपले होते.

त्यांनी लगोलग कचेरीत उलट फोन लावला. पुढच्या आठवड्याच्या पाकिटात एक चूक आधीच गेली होती. ती दुरुस्त करून घेतली. समुद्रघोड्याचीही दुरुस्ती छापा, ठळक छापा, असे सांगितले. मुलगी म्हणाली, “मावशी, इतकं मनाला लावून घेऊ नका.”

मग कोडे पुन्हा स्वच्छ झाले. रोज स्वच्छ. बाई एकेक ओळ दोन पुस्तकांत ताडून पाहत. पेन्सिलीला टोक करून, टेबल पुसून, एकटीने. सकाळी पेपर दारात पडे, त्या तो उघडत, स्वतःचेच उत्तर वाचत आणि घडी घालून ठेवत. फोन कोपऱ्यात बसून राही. एकदा तर त्या तो उचलून कानाला लावून बघून आल्या, चालू आहे ना म्हणून. चालू होता. त्याचा तो एकसुरी आवाज त्यांनी जरा जास्तच वेळ ऐकला.

डॉक्टरांचा नंबर त्यांच्याकडे होता. एका दुपारी त्यांनी तो निम्मा फिरवलाही. पण पुढे काय म्हणायचे? काही चुकले नाही, सहज केला? दोघांमध्ये तशी रीतच नव्हती. त्यांच्या ओळखीला एकच दार होते आणि ते बाईंनी स्वतःच्या हाताने लावून घेतले होते. त्यांनी फोन ठेवला आणि उगाच धुतलेली कपबशी पुन्हा धुतली.

एकदा मोह झाला. कोळ्यावरची ओळ लिहिताना हात ‘आठ’शी अडखळला. सहा पाय लिहिले तर उद्याच्या उद्या तो आवाज येईल. दोन पाय कुठं मोडलेत, बाई? त्यांना तो चिडवता सूरसुद्धा ऐकू आला. मग ती रडणारी मुलगी, चेहरा माहीत नसलेली, टेबलापाशी येऊन उभी राहिली. बाईंनी ‘आठ’ लिहिले आणि पाकीट चिकटवेपर्यंत खोडरबराला हात लावला नाही.

दिवस लांबट झाले. मध्येच त्यांच्या मनात येई, डॉक्टर बरे असतील ना? की पेपरच बंद केला? की कोडे आता त्यांना नीरस वाटू लागले, नुसते बरोबर?

जिराफ आला तो असाच एका साध्या सकाळी. शब्द सोपा होता. ‘जि’खाली जिना उतरला, ‘फ’खाली फळा. उत्तरामागच्या चौकटीत त्यांनी लिहिले, ‘जिराफाची मान इतकी लांब, तरी तिच्यात मणके सातच असतात, माणसाच्या मानेत असतात तितकेच.’ दोन पुस्तकांत पाहिले. तिसऱ्यातही पाहिले.

ते छापून आले त्या दिवशी बाई पलंगावरची चादर झटकत होत्या. फोन वाजला तेव्हा त्यांना आधी तो शेजारचा वाटला.

“बाई, मी बोलतोय.”

“बोला, डॉक्टर.” त्यांनी चादरीचे टोक सोडले नव्हते.

“ते जिराफाचं... जरा तपासून घ्या.”

“काय चुकलं?”

“सात मणके लिहिलेत तुम्ही.” डॉक्टर खाकरले. ते एरवी कधी खाकरत नसत. “एवढी लांब मान. सात कसे पुरतील? जास्त असायला हवेत. मला आपलं वाटलं, सांगावं.”

उंदरापासून घोड्यापर्यंत जन्मभर जनावरांच्या मानांवरून हात फिरवलेला हा माणूस. वटवाघळाचे डोळे आणि ऑक्टोपसची हृदये ज्याला तोंडपाठ, त्याला जिराफाचे सात मणके ठाऊक नसावेत? खोटे बोलायची सवय नसलेल्या माणसासारखा त्यांचा आवाज एकेका शब्दाला ठेचकाळत होता. आणि बोलून झाल्यावर ते थांबले होते. शाळेत उभे केलेल्या मुलासारखे, श्वास धरून.

चादर हातातून निसटून खाली पडली.

“असं म्हणता?” बाई हळूच म्हणाल्या. “असेल बाई. माझी घाईच फार होते.”

पलीकडे श्वास सुटला. “तसं काही नाही. होतं माणसाकडून.”

“पाहायला हवं पण. पुस्तक अगदी वरच्या फळीवर आहे हो. शिडी लावावी लागेल. वेळ लागेल.”

“लागू द्या.”

“ठेवणार नाही ना फोन?”

“नाही. मला कुठली गाडी गाठायचीय?”

बाईंनी पायाने खुर्ची जवळ ओढली, फोन कानाशीच ठेवून तिच्यावर बसल्या. फळीकडे त्यांनी मान वळवूनही पाहिले नाही. पलीकडेही कुठेतरी खुर्ची सरकल्यासारखी वाटली.