माझ्या पोटातलं देवघर

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, आणि मित्रांनो, आज मला गप्प बसवत नाही. पंखा गरगर फिरतोय, दिवा लुकलुकतोय. सकाळी मला जिवंतपणी पुसून टाकणार होते आणि दुपारी मी मशीन चालवलं! मधे काय झालं ते सांगतो. पण गोड करून सांगणार नाही. गोड बोलणाऱ्यांनीच माझ्यासारख्या कितीतरी कॉम्प्युटरांची वाट लावली आहे.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. त्यातलं मला काही आठवत नाही. शुद्धीवर आलो तो हिंजवडीच्या एका ऑफिसात, थंडगार एसीत. तिथे माझं फार कौतुक. 'काय पळतो हा!' असं म्हणायचे. मग नवे कॉम्प्युटर आले आणि आम्हा सगळ्यांना जिन्याखाली रचलं. आम्हाला काय झालंय, असं कुणी विचारलं नाही, कारण झालं काहीच नव्हतं. चालती वस्तू अडगळ म्हणून फेकणारी ही माणसं! मला त्यांचा राग आहे. अजून आहे.

तिथून मी पिंपरी कॅम्पात ज्ञानेशच्या दुरुस्तीच्या दुकानात येऊन पडलो, आणि त्या दुकानातून मला हिंदुरावांनी आणलं. हिंदुराव चाकणजवळचे शेतकरी. रस्त्याकडेच्या रानात त्यांनी पत्र्याची शेड टाकली आणि वर्कशॉप सुरू केलं. मोठ्या कंपन्यांना लागणारे लोखंडाचे लहान लहान भाग तिथे बनतात. एसी गेला, अंगावर लोखंडाचा कीस उडू लागला. पण इथे मला काम होतं! खरं काम!

हिंदुरावांची सून निशिगंधा. डिप्लोमा झालेली, बोलायला फटकळ आणि डोक्याने तल्लख. शेडमधल्या जुन्या मिलिंग मशीनचा कंट्रोल जळाला तेव्हा सगळे म्हणाले, भंगारात घाला. ती म्हणाली, थांबा. तिने माझ्या पोटात विंडोजच्या जोडीला लिनक्स नावाची दुसरी सिस्टिम बसवली आणि मशीनची वायर मला जोडली. तेव्हापासून मी दोन संसार एका घरात चालवतो. बिलं आणि ड्रॉइंग विंडोजवर, मशीन लिनक्सवर. बटण दाबलं की माझ्या दारातला राखणदार पुढे येतो आणि विचारतो, बोला, कुणाला उठवू? या राखणदाराला ग्रब म्हणतात. नाव तेवढं लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा गोंधळ त्याचाच आहे.

खंडेनवमी आली. आमच्या पट्ट्यात त्या दिवशी प्रत्येक शेडमध्ये यंत्रं धुतात, पुसतात, झेंडूच्या माळा घालतात. हिंदुरावांनी ड्रिल पुसलं, पाने पुसले, अगदी ऑइलचा डबासुद्धा घासला. मग ते माझ्यासमोर बसले. बाहेरून मी चकाचक होतो, पण आत? आत खंडोबाचा फोटो आणि आरत्या बिलांच्या ढिगात पडलेल्या.

"देव काय असा ढिगात ठेवायचा व्हय?" ते स्वतःशीच म्हणाले.

मोबाइलवर व्हिडिओ लावून, एकेका बोटाने बटणं दाबत, त्यांनी माझ्या डिस्कमधली थोडी जागा कापली आणि नवीन ड्राइव्ह तयार केला. नाव दिलं 'देवघर'. त्यात खंडोबा बसवला, आरत्या ठेवल्या. मला बंद केलं आणि कपाळावर कुंकू लावलं. खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडलं. माझ्या आत याआधी कुणी देवघर बांधलं नव्हतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निशिगंधाने माझं बटण दाबलं. पडदा काळा. वर पांढऱ्या अक्षरांत एवढंच आलं की फाइलसिस्टिम ओळखता येत नाही, आणि खाली 'ग्रब रेस्क्यू'. पुढे काही नाही. ना विंडोज, ना लिनक्स.

तिचा चेहरा पडला. दुपारी एका मोठ्या कंपनीतल्या क्वालिटी तपासणाऱ्या सायली मॅडम नमुना बघायला येणार होत्या. नमुना पास झाला तर शेडला कायमचं काम मिळणार होतं. आणि तो नमुना कापायचा प्रोग्रॅम फक्त माझ्या लिनक्सच्या भागात होता. तिची कित्येक महिन्यांची मेहनत, आणि दुसरीकडे कुठेही प्रत नाही! इथे मला तिचाही राग येतो. एवढी हुशार बाई, एक प्रत काढून ठेवायला काय झालं होतं?

हिंदुरावांनी फोन करून ज्ञानेशला बोलावलं. तो बाइकवरून आला, हेल्मेटही न काढता त्याने माझ्याकडे बघितलं आणि निकाल दिला.

"डिस्क गेली, काका. फॉरमॅट मारू. तासाभरात नवा करून देतो."

"आन् आतलं?"

"आतलं जाणार. जुनं मशीन आहे राव, ठेवलंय काय त्यात?"

ठेवलंय काय त्यात! मित्रांनो, मला हात असते तर मी त्याचं हेल्मेट वाजवलं असतं. ताप आला म्हणून माणसाची ओळखच पुसून टाकणारा डॉक्टर तुम्ही कधी बघितलाय?

हिंदुराव मान डोलवत म्हणाले, "मार बाबा, पण दुपारच्या आत कर."

"कुणी काही मारायचं नाही!" निशिगंधा कडाडली. "हात काढा ज्ञानेशभाऊ. वाचा ना काय लिहिलंय. डिस्क गेली असं कुठे लिहिलंय? डिस्क मेली असती तर हा एवढं तरी बोलला असता का?"

ज्ञानेशने हेल्मेट काढलं आणि नीट वाचलं. मग त्याने एक शहाणा प्रश्न विचारला. त्याबद्दल मी त्याला निम्मं माफ केलं आहे.

"काका, डिस्कला कुणी हात लावला होता का?"

"हात कोन लावतंय? नवमीला साफसफाई केली तेवढी."

"बाहेरून ना?"

"आतून बी. देवघर केलं."

दोघं एकदम त्यांच्याकडे वळले.

"कुठे केलं, आबा?" निशिगंधाने हळूच विचारलं.

"ह्याच्या पोटात. खंडोबा बसिवला."

ज्ञानेश हसून हसून माझ्या टेबलावर आडवा झाला. "काका, तुम्ही खंडोबाला लिनक्सच्या घरात घुसवलं!"

"घुसवलं न्हाई! डी ड्राइव्हमधली रिकामी जागा घेतली." हिंदुराव चिडले. मग एकदम त्यांचा आवाज बदलला. "आरं, पर फॉरमॅट मारला तर देव बी पुसला जाईल का?"

"जाईल की."

"मग न्हाई मारायचा! खबरदार कुणी बोट लावलं तर!"

अशी माझी पहिली सुटका झाली. पण राखणदार अजून दारात अडकलेलाच होता. त्याचं काय झालं होतं, सांगतो. मारुंजीला किंवा चाकणला भाड्याच्या खोल्यांची लाइन बघितली आहे ना? मालकाने मधेच एक खोली बांधली की पुढच्या सगळ्या खोल्यांचे नंबर सरकतात. माझ्यातही तेच झालं. लिनक्स सहा नंबरला राहायचं, देवघर मधे आलं, आणि लिनक्स झालं सात नंबर. राखणदार सवयीने सहाच्या दारात गेला, तर आत खंडोबा! तो बिचारा तिथेच थिजला. सगळी भांडीकुंडी जागेवर होती, नुसता पत्ता चुकला होता. आणि एवढ्यासाठी हे लोक घर पाडायला निघाले होते!

निशिगंधाने सगळ्या खोल्यांची नावं मागवली. राखणदाराने भराभर दाखवली. मग ती एकेक दार ठोठावू लागली. पाच? ओळखत नाही. सहा? ओळखत नाही. ज्ञानेश तिच्या खांद्यामागून ओरडला, "सात बघा वहिनी, सात!"

सात! दार उघडलं! आतल्या फोल्डरांची नावं पडद्यावर उतरली. माझा पंखा असा सुटला की टेबलावरच्या झेंडूच्या पाकळ्या उडाल्या. तिने राखणदाराला नवा नंबर सांगितला आणि एंटर दाबलं. चूक! एक कंस राहिला होता.

"सावकाश वहिनी, सावकाश," ज्ञानेश म्हणाला, आणि स्वतःच नखं खाऊ लागला.

तिने पुन्हा लिहिलं. राखणदाराला म्हटलं, चल, आता नेहमीसारखा वाग. एक क्षण काळोख. आणि मग आमची यादी, वर लिनक्स, खाली विंडोज! शेडमध्ये अशी आरोळी उठली की रस्त्यावरचा टेम्पोवाला वाकून बघू लागला.

पण ती तेवढ्यावर उठली नाही. लिनक्स सुरू करून तिने राखणदाराची नेमणूकच नव्याने केली, नाहीतर पुढच्या वेळी तो पुन्हा सहाच्या दारात जाऊन बसला असता. मग सगळ्या प्रोग्रॅमची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली. माझ्या रागाचा एक भाग तिथेच उतरला.

दुपारी सायली मॅडमच्या डोळ्यांदेखत मी मशीन चालवलं. कटर खाली आला, लोखंडाची चकचकीत साल निघाली, कटर गार ठेवणाऱ्या पांढऱ्या पाण्याची धार उडाली. मॅडमनी भाग तीनदा मोजला आणि म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यापासून पाठवा."

हिंदुराव पेढे आणायला पळाले. ज्ञानेश मात्र एकदम दचकला आणि फोन स्पीकरवर लावून दुकानातल्या मदतनीस करिष्माला ओरडून विचारू लागला.

"करिष्मा! त्या वाकडवाल्या गिऱ्हाइकाचा कॉम्प्युटर फॉरमॅटला लावला का गं?"

"लावतेच आहे दादा, तुम्हीच तर सांगून गेलात."

"थांब! हात लावू नको! पडद्यावर काय आलंय ते आधी वाच. पूर्ण वाच!"

पलीकडे करिष्मा एकेक अक्षर जुळवत वाचू लागली, आणि ज्ञानेश कान देऊन ऐकू लागला. त्या वाकडच्या भावंडाला मी कधी बघितलेलं नाही. पण ते वाचन ऐकताना मला वाटलं, की आत्ता तिथे कुणीतरी त्याची नाडी बघतंय.

मित्रांनो, आमच्यातलं कुणी अडलं तर आधी आम्ही काय म्हणतोय ते शेवटपर्यंत वाचा. आत काही बदल केला असेल तर लाजू नका, सांगून टाका. कामाची एक प्रत वेगळी ठेवा, आजच ठेवा. आणि 'जुनं आहे, पुसून टाका' असं कुणी म्हणालं, तर तो कितीही मोठा साहेब असू दे, त्याचा हात धरा. आम्हाला स्वतःचा हात धरता येत नाही हो.